कुजबुजीचा लिलाव

९ सप्टेंबर

पुस्तकाची पहिली चाळीस पानं मी मासे बांधून विकली! आज लक्षात आलं.

रद्दीवाल्याकडून नेहमीसारखा कागद आणला होता. वरून एकेक पान फाडत गेले, धुराच्या भट्टीतून काढलेली गरम तारली बांधत गेले. एकेचाळिसाव्या पानावर हात थांबला. दोन चोर, दोन वेगळ्या खोल्या. पोलीस एकेकाला गाठून सांगतात — तू दुसऱ्याचं नाव घे, तुला सोडतो. दोघं गप्प राहिले तर दोघांना थोडकीच शिक्षा. दोघं बोलले तर दोघंही आत सडणार. आणि पुस्तक म्हणतं, बोलतातच. गप्प राहण्यात दोघांचं भलं, तरी बोलतात. अगदी आकडे मांडून दाखवलंय.

समोर गिऱ्हाईक ताटकळलं होतं. "आते पानिंग, वाचताय की बांधताय?" आते म्हणजे ताई, सारं गाव मला तसंच म्हणतं. तिला केळीच्या पानात बांधून दिलं.

कव्हर नाही, नाव नाही. इंग्रजी जड आहे, पण शब्दकोश आहे आणि संध्याकाळही मोठी असते. शाळा सहावीपर्यंतच. पुढचं सगळं रद्दीतून शिकले. माझा नवरा आमादोर म्हणायचा — तुझ्या पुस्तकांना माशाचा वास आणि तुझ्या माशांना शाईचा!

सात महिने झाले त्याला जाऊन.

१० सप्टेंबर

पुस्तकात लिलावावर एक प्रकरण आहे. तिकडे लोक आपली बोली पाकिटात घालून देतात म्हणे. आमच्या धक्क्यावर पाकीट नाही, कान आहे. घेणारा पुढे येतो, हाताचा आडोसा करतो आणि कानात आकडा कुजबुजतो. सगळ्यांचं ऐकून झालं की कान बोट दाखवतो — टब तुझा. आकडा फक्त घेणाऱ्याला आणि बोटीच्या मालकाला कळतो. हरलेल्यांचे आकडे कानातच मरतात.

सव्वीस वर्षं तो कान आमादोरचा होता. रोज पहाटे उजव्या कानात खोबरेलाचे दोन थेंब. बाटली अजून फळीवर आहे. एकदा मी विचारलं होतं, माझ्यासारखीच मासे घेणारी ती पुरिंग आज किती बोलली रे? म्हणाला, "कान म्हणजे विहीर. तू बादली सोडू नकोस."

धक्क्याचा नियम एकच — ज्याची बोट, त्याने कानाजवळ यायचं नाही. स्वतःच्याच माशावर बोली लावून दुसऱ्याला चढवायचं, ही चोरी. एका माणसाची बोट नुसती बायकोच्या नावावर होती, तर आमादोरने त्याला भर बाजारात मागे लोटलं होतं. "घरी जा, आणि बायकोला सांग मासा शिजवायला." लोक अजून सांगतात.

आता सेतो ऐकतो. आमादोरनेच शिकवलेला. बरा आहे.

१३ सप्टेंबर

देल्फिन भट्टीवर आला. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. माशाच्या व्यापाऱ्याचे बूट इतके कोरडे कसे राहतात?

"आते, एकट्याच झुंजताय. आमच्या पाळीत या ना."

पाळी म्हणजे काय ते सांगितलं. तो, पुरिंग, आणि पलीकडच्या गावचे ते दोघे भाऊ. आज एकाने घ्यायचं, बाकीच्यांनी मुद्दाम कमी कुजबुजायचं. उद्या दुसऱ्याने. बाराशेचा टब सातशेला. आमादोर गेल्यावर महिन्याभरातच सुरू झालं म्हणे.

मी म्हटलं, "आणि ज्याचा मासा आहे, त्याचं काय?"

"मासा काय, समुद्र फुकट देतो."

मोठ्या जाळ्याची बोट धक्क्यावर एकच — बितुइन. माझ्या दिराची, इस्कोची. सासऱ्यांनी बांधलेली. बाकीच्या होड्या किरकोळ. म्हणजे पाळी इस्कोच्याच गळ्याभोवती आहे. तरी हा माणूस मलाच विचारायला आला! लाज नाही.

विचार करते म्हटलं.

१५ सप्टेंबर

गेले पाळीत.

लिहून ठेवते म्हणजे पुढे स्वतःला फसवता येणार नाही. भट्टी तीन दिवस थंड होती. बाराशेचा टब घेऊन, लाकूड जाळून, विकून, हाती धूर उरतो. आमादोरची कमाई होती तेव्हा तत्त्वं परवडत होती.

तो जाताना म्हणाला होता — "मी गेलो की भट्टी विक. लेकीकडे सेबूला जा. धक्क्यावर उभी राहू नकोस." दोनदा म्हणाला. माझ्यावर एवढाही विश्वास नाही? सव्वीस वर्षं भट्टी कुणी चालवली? अजून राग येतो. मेलेल्या माणसावर रागावून होतं काय, तोंड कडू फक्त.

२२ सप्टेंबर

आज माझी पाळी. सातशेला दोन टब. सेतोने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मान खाली घातली. इस्को बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसला होता. त्याच्या हातात पैसे पडले, त्याने मोजलेही नाहीत.

मी जवळ गेले. "बोट टिकेल ना रे?"

"बघू, आते." आणि पाण्याकडे बघत राहिला.

धुरात डोळ्यांतून पाणी येतं, त्याचा एक फायदा असतो. कुणी काही विचारत नाही.

२६ सप्टेंबर

पुरिंग नारळ फोडता फोडता सहज म्हणाली, "देल्फिनचा डोळा बितुइनवर आहे गं. आज ना उद्या घेणार तो."

म्हणजे हे सगळं त्यासाठी! भाव पाडायचा, इस्कोला खंगवायचं, मग बोट घ्यायची. आणि त्या सुरीला धार लावायला मी मदत करतेय. सासऱ्यांच्या बोटीवर. आमादोर त्या बोटीवर चालायला शिकला होता.

२८ सप्टेंबर

चोरांचं प्रकरण तिसऱ्यांदा वाचलं. पाळी म्हणजे तेच. सगळ्यांनी कमी बोलणं सगळ्यांच्या फायद्याचं. पण एकट्याने थोडं जास्त कुजबुजलं तर सगळा मासा त्याचा. मग पाळी टिकते कशी? पुढच्या प्रकरणात उत्तर आहे — एकदाच खेळायचं असेल तर टिकत नाही. रोज खेळायचं असेल तर टिकते, कारण उद्या असतो. आज मोडलं तर उद्या बदडतील. भीतीने टिकतं, मैत्रीने नाही.

एक वाटतं. चोरांना निदान एवढं ठाऊक असतं की दुसऱ्या खोलीत कोण बसलाय.

१ ऑक्टोबर

मोडली!

आज पुरिंगची पाळी होती. मी सेतोच्या कानाशी गेले आणि बाराशे म्हटलं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कानाने कधी बघायचं नसतं, हे आमादोरने त्याला शिकवलं नाही वाटतं. मग बोट माझ्याकडे.

पुरिंगच्या हातातली टोपली खाली पडली. "पानिंग! म्हातारपणी चळ लागला का तुला?"

"आकडा सुचला, बोलले."

"आकडा सुचला म्हणे! आता बघ, तुला शेपूटसुद्धा मिळू देणार नाही!"

देल्फिन बूट पुसत होता.

२ ऑक्टोबर

मासा नाही.

३ ऑक्टोबर

नाही.

७ ऑक्टोबर

पुस्तकात लिहिल्याबरहुकूम चाललंय. मला बदडतायत. रोज चौघांपैकी कुणीतरी तेराशे, साडेतेराशे कुजबुजतो आणि टब उचलून नेतो. भट्टीत मांजर व्यालंय.

पण — पण! इस्कोच्या बोटीला साडेतेराशेचा भाव मिळतोय. बितुइनवरच्या माणसांनी काल बाजारातून डुकराचं मांस नेलं. एकाने लांबून ओरडून सांगितलं, "आते, तुमची कृपा! असंच भांडत राहा!"

शिक्षा माझी, जेवण त्यांचं. कडू आहे, पण आहे.

११ ऑक्टोबर

आज एक गोष्ट उमगली आणि लाकडाच्या ढिगावर बसून एकटीच हसले.

मला मासा घ्यायची गरजच नाही. नुसतं उभं राहायचं. पहाटे टोपली घेऊन जायचं, कानाशी वाकायचं. मी काय कुजबुजले हे त्यांना कळत नाही. त्यांना वाटतं ही बाराशे बोलली असेल, तेराशे बोलली असेल. म्हणून ते चढ्यानेच बोलतात. आज तर मी सेतोच्या कानात "कसा आहेस बाबा?" एवढंच म्हटलं! तो खोकला. आणि टब साडेतेराशेला गेला!

मात्र पुस्तक सांगतं — नुसत्या धमकीला कुणी भीत नाही. धमकी खरी करून दाखवावी लागते. म्हणजे अधूनमधून मला चढ्या भावाने घ्यावंच लागेल. तोट्यात.

१४ ऑक्टोबर

चौदाशेला दोन टब घेतले. शिलाईयंत्र विकलं. तसंही डोळ्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही.

१७ ऑक्टोबर

पुरिंग भट्टीवर आली. तिच्यासाठी स्टूल पुढे केलं, ती उभीच राहिली.

"मी संपले, पानिंग. दोन आठवडे तोट्यात घेतेय. माझं दुकान बंद. पोरीकडे जाते, नातवंडं सांभाळते."

मी म्हटलं, "तुम्ही इस्कोला मारत होता."

"इस्को! इस्को तुझा दीर, माझा कोण? आणि मी म्हटलं होतं त्या देल्फिनला, हिला पाळीत घेऊ नकोस, हिचा दीर आहे, हिला सोसणार नाही, ही मोडणार! तर म्हणतो कसा — घेऊच या, विधवा आहे बिचारी." ती थुंकली. "बिचारी!"

जाताना भट्टीवरची एक तारली उचलून तोंडात टाकली. "मीठ कमी आहे," म्हणाली. चाळीस वर्षांची ओळख.

२१ ऑक्टोबर

ते दोघे भाऊही गेले. दुसऱ्या बंदरावर घेतात आता. पाळी मेली. धक्क्यावर आता दोघंच — देल्फिन आणि मी.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

देल्फिन हसतो. हेच कळत नाही. रोज चढ्या भावाने घेतो, तोटा सोसतो आणि मला बघून टोपी काढतो. "आते, आज काय सुचतंय?" हरताना हसणारा गडी पुस्तकात कुठेच नाही. मी मागची शब्दसूचीसुद्धा पाहिली.

२५ ऑक्टोबर

गावच्या कप्तानाची, म्हणजे आमच्या सरपंचाची, निवडणूक आहे. दोघं उमेदवार. एक म्हणतो बास्केटबॉलचं मैदान बांधीन. दुसरा म्हणतो बास्केटबॉलचं मैदान बांधीन, वर छप्पर घालीन. पुस्तकात आहे हे — किनाऱ्यावरची दोन दुकानं वाळूवर अगदी मधोमध, एकमेकांना पाठ लावून उभी राहतात, कारण जरा बाजूला सरकलं तर गिऱ्हाईक जातं. गावाला पाणी नाही. पाण्याचं कुणी बोलत नाही. पाणी मधोमध नसतं बहुतेक.

दोघांच्याही मिरवणुकीत देल्फिन पुढे होता.

२ नोव्हेंबर

काल मृतांचा सण, दिवसभर दफनभूमीत. मेणबत्त्या, झेंडू, केळीच्या पानावर चिकट भाताची बिको. आमादोरला आवडायची तशी, वरचा थर जरा करपलेला. सगळं गाव थडग्यांवर बसून जेवत होतं. कुणी पत्ते खेळत होतं, कुणी रेडिओ लावला होता.

इस्को दुपारीच पिऊन आला. भावाच्या थडग्यावर बाटलीतले चार थेंब ओतले, मग माझ्यासमोर उकिडवा बसला.

"आते, थांबा आता. उद्यापासून धक्क्यावर येऊ नका."

"का रे? भाव मिळतोय ना?"

"थांबा म्हणतोय ना! कुणासाठी करताय हे?"

"तुझ्यासाठी. बोटीसाठी. ह्याच्यासाठी." मी थडग्यावर हात ठेवला.

तो उठला आणि थडग्यांच्या मागे गेला. लहान मुलासारखा रडत होता. त्याची बायको मेणबत्तीची वात सरळ करत राहिली, माझ्याकडे बघितलंच नाही. दोन वर्षांपूर्वी ती जवळजवळ गेलीच होती. मनिलाला नेऊन पोट फाडलं तेव्हा वाचली. तेव्हापासून अशीच खाली मान.

मला वाटलं, माझी दया येतेय त्याला. थोडं बरंही वाटलं, खरं सांगायचं तर.

५ नोव्हेंबर

पंधराशे. दोन टब. लेकीने पाठवलेले पैसे गेले. आता उरली ती भट्टी.

८ नोव्हेंबर

वादळ. पत्रे बांधते आहे.

१० नोव्हेंबर

भट्टीचं छप्पर शेजारणीच्या अंगणात. विटा शाबूत आहेत. बितुइनचा तोल सांभाळणारा डावीकडचा बांबू मोडला, नाळ फुटली. माणसं वाचली.

पुस्तक तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. कोरडं.

१४ नोव्हेंबर

नगरपालिका फुटलेल्या बोटींना मदत देणार आहे. मालकाने अर्ज भरायचा. मी इस्कोला तीनदा सांगितलं, चल. त्याचं आपलं, उद्या. आज पाठ दुखते. आज जाळं शिवायचंय. फुकटच्या पैशाला नको म्हणणारा मच्छीमार मी जन्मात पाहिला नाही.

मीच जाते उद्या.

१५ नोव्हेंबर

नगरपालिकेच्या दाराशी फुटलेल्या बोटींची यादी लावली होती. बोटीचं नाव, मालकाचं नाव.

बितुइन — देल्फिन.

मी दोनदा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं, सहावीतल्या मुलीसारखं. मागचा माणूस म्हणाला, "म्हातारे, बाजूला हो, आम्हालाही बघू दे."

१६ नोव्हेंबर

इस्कोने कबूल केलं. बोट विकून दोन वर्षं झाली. बायकोच्या ऑपरेशनला. देल्फिनची एकच अट — कुणाला कळता कामा नये. बोट इस्कोच चालवणार, धक्क्यावर मालकासारखा उभा राहणार, पैसे घेणार आणि दुपारी देल्फिनच्या घरी नेऊन देणार. तीन वाट्यांतले दोन बोटीच्या मालकाचे, एक बोटीवरच्या माणसांचा.

कारण ज्याची बोट, त्याला कानाजवळ जाता येत नाही.

आता मांडून बघते. देल्फिन साडेतेराशे कुजबुजायचा, त्यातले दोन वाटे संध्याकाळपर्यंत त्याच्याच खिशात परत. मला बदडण्यात पुरिंगची कंबर मोडली, त्या भावांची मोडली, त्याच्या केसालाही धक्का नाही. आणि मी जेव्हा चौदाशेला घेतलं, पंधराशेला घेतलं — माझं शिलाईयंत्र, लेकीचे पैसे — ते कुणाच्या घरी गेले?

पाळी त्याला नकोच होती! सातशेच्या भावात त्याच्याच बोटीचा मासा पुरिंगच्या घरात जात होता. पण तोंड उघडून सांगणार कसं? मोडणारं कुणीतरी हवं होतं. ज्याला इस्कोचा कळवळा येईल असं. म्हणून बूट पुसत माझ्या भट्टीवर आला.

मी धमकी शिकले, शिक्षा शिकले, उद्याची भीती शिकले. आधी खेळणारे कोण ते नीट लिहा, हे पहिल्या चाळीस पानांत असणार. ती मी तारलीला बांधून दिली.

"कुणाकुणाला ठाऊक होतं?" मी इस्कोला विचारलं.

त्याने जाळ्याची गाठ सोडली, पुन्हा मारली. "कुणालाच नाही, आते."

१७ नोव्हेंबर

देल्फिनचा निरोप आला. भट्टी विकायची असेल तर तो घेईल. छपरासकट भाव देईल म्हणे. छप्पर नसताना!

मी सेतोला सगळं सांगितलं. तो पांढरा पडला. म्हणाला, "आते, कागद दाखवा, उद्याच्या उद्या सगळ्यांसमोर त्याला मागे लोटतो. कुया आमादोरने, आपल्या दादाने, लोटलं होतं तसंच."

ऊर भरून आला. निदान तेवढं तरी उरलंय त्या धक्क्यावर. आमादोरचा नियम.

उद्या खरेदीखताची नक्कल काढते.

१८ नोव्हेंबर

नक्कल मिळाली. विकणारा इस्को, घेणारा देल्फिन. खाली साक्षीदाराची सही.

आमादोरची. शेपटी नेहमीसारखी रेघेच्या खाली ओढलेली.

त्यानंतरही सव्वा वर्ष तो रोज पहाटे तेल घालून गेला, आणि देल्फिनची बोली त्याच कानात घेत राहिला.

सेतो बाहेर थांबला होता. "मिळाला का कागद, आते?"

नाही म्हटलं.